अंजिरावरचे तीन दोरे

आमच्या घरी लोणच्याच्या बरण्यांवर काचेची चौकोनी झाकणं असत. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारत, इतक्या एकसारख्या काचा कुठून मिळवल्यात? मी सांगे, ही पाखरांची कृपा. त्या हसत, मीही हसे, आणि विषय तिथेच राही. त्या प्रत्येक काचेवर कधीतरी एक रिकामी फांदी उमटलेली होती. ती मी माझ्या हातांनी कढत पाण्यात भिजवून काथ्यानं घासून काढली होती.

तेव्हा आम्ही ठाण्याला, तळ्यापासून जवळच एका भाड्याच्या घरात राहत होतो. हे कचेरीत नकाशे उतरवून काढायच्या कामावर होते. कोलशेतची शेतं, खाडीकाठची मिठागरं, बांध, विहिरी, सगळं यांच्या हाताखाली यायचं आणि कागदावर मुकाट बसून राहायचं. बदली होऊन विलायतेला निघालेल्या एका साहेबानं जाताना यांना आपला तसबिरी काढायचा कॅमेरा देऊन टाकला. त्याबरोबर लाकडी तिपाई, काळं कापड आणि एक लोखंडी चिमटा आला. माणूस खुर्चीत बसला की मागून तो चिमटा त्याच्या मानेला लावायचा, म्हणजे डोकं हलत नाही आणि चेहरा स्वच्छ उमटतो, असं यांनी मला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. मी म्हटलं, हा माझ्या घरात कोणाच्या मानेला लागणार नाही. यांनी वाद घातला नाही. चिमटा घोसाळ्याच्या वेलाला आधार म्हणून परसात रोवला गेला.

आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. श्रावणात एका उघडिपीच्या सकाळी यांनी तिला परसात खुर्चीवर बसवलं. मी तिला जरीकाठी परकर नेसवला, वेणी घातली, पायांत वाळे घातले. भिंगावरचं टोपण काढल्यावर तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही, असं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली आणि अगदी शहाण्यासारखी बसली. यांनी टोपण काढलं, एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि मागच्या अंजिरावर शिंपी बोलला. शिंपी म्हणजे ते शेपटी उभी धरणारं, पानं शिवून घरटं करणारं इवलंसं पाखरू. पाखरू अंगठ्याएवढं आणि आवाज सगळ्या आळीला पुरेल इतका. आमच्या बाईसाहेबांनी मान वळवून तिकडे पाहिलं.

काच धुऊन उजेडात धरली तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. परकराचा काठ स्वच्छ, वाळे स्वच्छ, पायाची बोटं मोजून घ्यावीत. मानेच्या वर मात्र नुसता धूर. हे म्हणाले, दिवाळीत पुन्हा काढू. दिवाळीत तिला खोकला झाला होता, चेहरा उतरलेला, म्हणून मीच नको म्हटलं. संक्रांतीला काचा संपल्या होत्या. तयार लेपाच्या काचा मुंबईहून आगगाडीनं मागवाव्या लागत आणि त्यांचा पत्ता नव्हता. चैत्रात ती तापानं गेली. तिची तसबीर म्हणून आमच्यापाशी ती एकच काच राहिली.

त्यानंतर मुंबईहून काचा आल्या, आणि यांना पाखरांचं वेड लागलं. वेड हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. कचेरीतून आले की चहासुद्धा न घेता हे परसात जात. तिपाई रोवत आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन जास्वंदीच्या आड बसत. टोपण काढून तीन म्हणेपर्यंत पाखरू थांबणार थोडंच? म्हणून यांनी स्वतःच एक युक्ती केली. भोक पाडलेली एक पातळ फळी भिंगासमोरच्या खाचेत वर अडकवून ठेवायची आणि तिला लांब दोरी बांधायची. दोरी ओढली की फळी खटकन खाली पडायची. भोक भिंगावरून जाईल तेवढाच वेळ उजेड आत. नकाशे काढणारा हात. फळी मोठी सुरेख झाली होती. पण पाखरं तिच्याहून चलाख निघाली. फुलचुखी जास्वंदीवर बसे, हे दोरी ओढत, आणि काचेवर नुसतं झुलणारं फूल उमटे. नाचण पाखराची कधी शेपटी मिळाली, तर कधी शेपटीची सावली. फळीच्या खटक्यानंच पाखरू उडायचं, की यांचीच दोरी उशिरा ओढली जायची, हे मला कधी कळलं नाही.

आळीतले लोक गमती करायचे. अहो, घोंगडी पांघरून मास्तर कुणाची वाट बघतायत, म्हणायचे. हे मास्तर नव्हते, पण गमतीला काय. मीही सुरुवातीला टोमणे मारले. या घरात दोन माणसं राहतात आणि त्यांतलं एक घोंगडीत राहतं, असं मी एकदा सासूबाईंसमोर म्हटलं. खरा राग निराळाच होता. पोर गेल्यापासून हे माझ्याशी बोलत नव्हते. भात वाढ, काचा धुवून ठेव, उद्या ऊन पडेल का, एवढंच. तिचं नाव तर यांच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं. एका संध्याकाळी मी सरळ त्या घोंगडीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ही पाखरं धरून तुम्हांला करायचंय काय?

घोंगडीची कड जराशी वर झाली. मग हे म्हणाले, "ती कशाकडे बघत होती, ते मला बघायचंय."

त्या दिवसापासून मी टोमणे बंद केले आणि काचा बिनबोभाट घासू लागले. हेही सांगायला हवं की मला ते पाखरू यांच्याइतकंच हवं होतं. माझ्या पोटात एक गोष्ट होती. ती यांना सांगितल्याशिवाय मला जगता येत नव्हतं, आणि सांगायचा धीर होत नव्हता. शिंपी एकदा काचेवर बसला, यांचं मन जरा निवलं, की सांगायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

ती गोष्ट अशी. चैत्रात आमच्याकडे कुळधर्म असतो. त्या सकाळी मी नाहून सोवळ्यात स्वयंपाकाला बसले होते. पुरण शिजत होतं, सवाष्ण आणि ब्राह्मण जेवायचे होते. मुलगी दारात आली. आई, मला घे, म्हणाली. सोवळ्यातल्या आईला शिवायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. एरवी ती हट्ट करत नसे. तिनं पुन्हा म्हटलं, आई, घे ना. तिनं पाऊल आत टाकलं तशी मी ओरडले, "शिवू नकोस, लांब हो." ती मागे सरून दाराच्या चौकटीला टेकून बसली. मी पुरण वाटत राहिले. पानं उठल्यावर तिला उचललं तेव्हा अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या दोन घटकांनी काही फरक पडला नसता, असं वैद्यबुवा म्हणाले. मीही ते स्वतःला हजारदा सांगितलं आहे. पण तिला घ्यायला मला एवढंच करायचं होतं की पुन्हा नाहायचं. दोन तांबे पाणी. ते मी केलं नाही.

भाद्रपदात शिंप्यानं आमच्या अंजिरावर घरटं केलं. दोन पानं कडेकडेनं शिवून केलेली ती पिशवी माझ्याच दृष्टीस पडली. आत तीन पिल्लं होती, उघड्या अंगाची, तोंडं मात्र ही एवढाली. उडतं पाखरू फळीला सापडत नव्हतं, पण पिल्लांना भरवायला ते घरट्याच्या कडेवर क्षणभर थांबणारच. यांना इतके दिवस हवा होता तो तेवढाच क्षण. अडचण उजेडाची होती. घरट्यावर तीन मोठाली पानं छपरासारखी आली होती. पक्षिणीनं जागा निवडली होती तीच मुळी त्या छपरासाठी. पानं कापायला माझं मन होईना. म्हणून असं ठरलं की सकाळी ऊन कुंपणावरून आत येतं तेवढ्यापुरती पानं दोऱ्यांनी मागे ओढून बांधायची, तसबीर निघाली की सोडून द्यायची. माझी बोटं बारीक, म्हणून बांधायचं काम माझं.

तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी आभाळ मोकळं झालं, आणि तो दिवस नेमका सासऱ्यांच्या महालयाचा होता. सासूबाई त्यासाठी कल्याणहून आदल्या दिवशीच आल्या होत्या. आणखी दोन दिवसांत पिल्लं उडाली असती, म्हणून यांनी श्राद्धाच्या आधीची सकाळची घटका साधायची ठरवली. पहाट फुटताच, नाहायच्या आधी, मी शिवणाच्या रिळाचा पांढरा दोरा घेऊन अंजिराखाली गेले आणि तीन पानं तीन दोऱ्यांनी मागच्या काटक्यांना बांधली. मग नाहून, सोवळ्याची धाबळी नेसून स्वयंपाकाला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंजीर समोरच दिसे. कढीला फोडणी देताना मी तिकडे बघत होते, वड्याचं पीठ कालवताना बघत होते. पक्षीण बिचकली, दोनदा येऊन परत गेली. तिसऱ्यांदा अळी घेऊन आली, घरट्याच्या कडेवर टेकली, मान जराशी वळवली. खटकन फळी पडलेली मला आतपर्यंत ऐकू आली.

हे घोंगडीतून बाहेर आले तेव्हा यांचा चेहरा पाहून मी हातातली पळी खाली ठेवली. किती महिन्यांनी तो चेहरा माझ्या ओळखीचा दिसला. पण तेवढ्यात ब्राह्मण ठरल्या वेळेच्या आधीच दारात आले आणि सासूबाईंनी हाका मारायला सुरुवात केली. यांनी कॅमेरा कसाबसा कोठीच्या खोलीत ठेवला आणि विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतलं. सोवळं नेसून आत येताना हे खिडकीशी थांबले.

"दोरे राहिले," हे म्हणाले.

"मी सोवळ्यात आहे."

"मीही. मग जेवणं झाल्यावर सोडू."

मी बरं म्हटलं. तो दोरा मी बिननाहत्या हातांनी बांधला होता. श्राद्धाच्या स्वयंपाकातून उठून त्याला हात लावायचा म्हणजे पुन्हा नाहणं आलं, आणि तोवर चुलीवरचं सगळं खोळंबलं असतं. आम्हां दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ब्राह्मण जेवले. पिंडदान झालं. सासूबाईंनी कावळ्याचं पान विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि आम्ही सगळे परसदारी उभे राहिलो. घरच्यांनी जेवायचं ते कावळा शिवल्यावर. सासूबाईंनी हाका घातल्या. दोन कावळे कुंपणावर उतरले, मग आणखी एक आला. पण पानाकडे कोणी ढुंकून पाहीना. ते माना वाकड्या करून अंजिराकडे पाहत होते. उन्हात ती तीन लाल तोंडं लांबून दिसत होती. मला दिसत होती, तर कावळ्यांना का दिसू नयेत?

सासूबाईंना ते कळायचं कारण नव्हतं. त्यांची नजर अधू होती आणि मन सासऱ्यांपाशी होतं. मुलगी जायच्या आदल्या वर्षीच सासरे गेले होते, आणि नातीवर त्यांचा भारी जीव. सासूबाई हात जोडून रडक्या आवाजात म्हणाल्या, "तिच्यासाठी घुटमळताय का? ती तुमच्यापाशीच आली ना?"

हे माझ्या पलीकडे सोवळ्यात उभे होते. यांची नजर दोऱ्यांवर होती. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे यांनी पाहिलं. त्या वेळी कुंपणापलीकडून शेजारणीची हाक आली. ती खाडीकडच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. तिची भाजीची वाडी आमच्या परसाला लागून होती. दोरे बांधताना पहाटे तिनं मला पाहिलं होतं आणि काय चाललंय ते विचारून घेतलं होतं.

"बाय, कावलं टपलंय तुज्या पाखराव," ती म्हणाली. "मी येवून दोरं सोरू का?"

दहा पावलांचं अंतर होतं. कुंपणाचं झापं सरकवून ती आली असती, तीन दोरे तोडले असते आणि निघून गेली असती. पण श्राद्धाचा दिवस, कठड्यावर पितरांचं पान, आणि परसात तिनं पाय टाकायचा? सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"नको," मी म्हटलं. "जेवणं झाली की मी सोडते."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसून आपली भाजी खुडू लागली.

पुढचं फार वेळ चाललं नाही. पहिला कावळा झेपावला आणि एक पिल्लू घेऊन गेला. पक्षीण ओरडत त्याच्या मागे गेली तेव्हा दुसरा आला, मग तिसरा. ते दोन शिंपी कावळ्यांच्या डोक्यावर आपटत होते. एवढीशी पाखरं, त्यांच्यानं काय होणार? मी जागची हलले नाही. हेही हलले नाहीत. शेवटचा कावळा परतला तो कठड्यावर बसला, चोच पुसली, आणि पानावरच्या भाताचं एक शीत उचललं. सासूबाईंनी भरल्या डोळ्यांनी नमस्कार केला. यांना म्हणाल्या, नमस्कार कर, बाबा शिवले. यांनी हात जोडले.

मग मी अंजिराकडे गेले. सासूबाई मागून अगं अगं म्हणत होत्या. मी सोवळ्यातच एकेक गाठ सोडली. गाठी दवानं घट्ट झाल्या होत्या, बराच वेळ लागला. पानं हळूहळू मूळच्या जागी आली आणि रिकाम्या घरट्यावर सावली पडली. शेजारीण भाजीच्या वाफ्यातून बघत होती. तिच्याकडे मान वर करून बघायची मला लाज वाटली. सासूबाई म्हणाल्या, आता पुन्हा नाहावं लागेल, पानं खोळंबलीयत. मी विहिरीवर गेले आणि नाहले. दोन तांबे पाणी. सगळ्यांना वाढायला बसले तेव्हा भात अजून गरमच होता.

सासूबाई कल्याणला परतल्यावर यांनी कोठीच्या खोलीचं दार लावून, फटींत फडकी कोंबून ती काच धुतली. मला वाटत होतं की हे ती तशीच फोडून टाकतील. संध्याकाळी यांनी मला हाक मारली आणि काच खिडकीशी धरली. शिंपी आला होता. चोचीतली अळीसुद्धा दिसत होती. पाखरानं मान वळवून सरळ आमच्याकडे पाहिलं होतं, खालून तीन चोची उघडलेल्या. घरट्यावरची पानं मागे ओढलेली, आणि माझे तीन दोरे तर इतके स्वच्छ उमटले होते की गाठीचा पीळ मोजता यावा.

"हे बघत होती ती," हे म्हणाले.

मला मग धीर धरवेना. इतके महिने ज्या घटकेची वाट पाहिली ती अशी आली होती, पण आली होती. मी यांना चैत्रातली सकाळ सांगितली. दारात आली होती, घे म्हणत होती, शिवू नकोस म्हणाले, लांब हो म्हणाले, आणि पुरण वाटत बसले. मी रडत नव्हते. मला वाटलं, हे आता माझ्याकडे कधीच वर मान करून बघणार नाहीत, आणि तेच बरं.

यांनी काच हळूच खाली ठेवली, तिच्यावर काळा कागद घातला.

"मला ठाऊक आहे," हे म्हणाले. "मी ओसरीवरच होतो. तुझं ऐकू आलं, तिचंही ऐकू आलं. त्या दिवशी मी सोवळ्यात नव्हतो."

मी विचारलं, मग?

"भिंग पुसत होतो," हे म्हणाले. "म्हटलं, एवढं झालं की उठतो."